शिंगराचा दाखला

पुण्याच्या शर्यती संपवून घोडा आला
तेव्हा वाढोण्याच्या शिवारात कापूस वेचणं चालू होतं.
टेंपोची फळी पडली. बाया ओट्या सावरत बांधावर आल्या.
कुंदा झाडे म्हणाली, "एवढा थोरला! अन् काम काय करते?"
मी म्हणालो, एकच.
पदर तोंडाशी नेऊन हसल्या, पुन्हा तासाला लागल्या.

कागदावर नाव कोरल वॉरंट.
अजमतभाईच्या जिभेवर दुसऱ्या दिवशी कोरल,
संक्रांतीपर्यंत नुसतं कोरा.
पण कोरं त्याच्यात काहीच नव्हतं.
बाप, आजा, पणजा, खापरपणजा,
कोण कुठल्या मैदानावर किती लांबीनं जिंकला,
आणि सगळ्यांच्या मुळाशी
समुद्रापार नेलेले ते तीन घोडे.
आयांची नावं प्रत्येक घरात खालच्या ओळीला.

मी शाळेतला कारकून, निवृत्त.
एकतीस वर्षं दाखले लिहिले.
बापाच्या रकान्यापाशी अडलेली पोरं
आधी छताकडे बघतात, मग चपलेकडे.
एकीला म्हणालो, बाई, काहीतरी सांग, रेघ मारता येत नाही.
ती म्हणाली, मारा ना.

भाऊसाहेब डेहनकरांनी मला ठेवलं
अक्षर चांगलं म्हणून.

फेब्रुवारीपासून घोड्या येऊ लागल्या,
कुणी नागपूरहून, कुणी पार हैदराबादेहून.
शेपटीला पट्टी, मागच्या खुरांना नमद्याचे जोडे,
अजमतभाई बिस्मिल्ला म्हणायचा,
मी वेळ लिहायचो, वार, घोडीचं नाव, घोडीच्या बापाचं नाव.
पंचाहत्तर हजार,
शिंगरू उभं राहून दूध प्यायलं तर.

शेजारच्या गावात शंकरपट भरला.
भोंग्यातून सेकंद ऐकू येत.
तिकडे जोडी सुटली की इकडे हा
कुंपणाच्या कडेनं एकटाच सुटायचा,
शेवटच्या खांबापाशी थांबायचा
आणि मागे वळून बघायचा, दुसरा कोण आला म्हणून.

दौलत बावण्याची फुली वरातीची घोडी.
एका डोळ्यात फूल, गुडघे जाड,
बॅण्डच्या ढोलाला कान न हलवणारी.
एप्रिलच्या एका रात्री ती फाटकात उभी दिसली.
दौलतच्या हातात मोहाची बाटली, अजमतभाईच्या हातात किल्ली.
अजमतभाई पीत नाही. तरी किल्ली फिरली.
मी कडुनिंबाखाली बाजेवर होतो.
पाहिलं.
लिहिलं नाही.

अकरा महिन्यांनी गोठ्यात लाल शिंगरू, पाय नुसते पाय.
दौलत माझ्याकडे आला. "मास्तर, याचा दाखला होते का?"
म्हटलं, नाही होत.
"मंग राहू द्या."
जाताना माझ्याकडून बिडी घेऊन गेला.

चौथ्या वर्षी ठोंबऱ्याच्या पोराचं लग्न.
त्याच लालावर नवरदेव, बाशिंग, हातात कट्यार,
पुढे बॅण्ड, आर्वी रोडला वरात.
कुणीतरी फटाक्याची माळ लावली.
फुलीचा शांतपणा घोड्याकडे नव्हता.

बॅण्ड दुभंगला.
क्लॅरिनेटवाला एरंडात.
लाल मांडवावरून, पंगतीवरून, पाण्याच्या टँकरावरून गेला,
खाली वाकून, मान लांब करून,
रस्त्याला पोट लागतं की काय असा.
नवरदेव मानेला मिठी मारून गप्प.
माझ्याजवळ घड्याळ नव्हतं.
मी विजेचे खांब मोजले.

भाऊसाहेब खुर्चीतून उठले, हातातली जिलबी तशीच.
तेवढं पळणं त्यांनी विकत घेऊन पाहिलं होतं.
"दौलत," ते म्हणाले, "कोनाचं हाये बे हे?"

दौलतनं फेटा काढला, घाम पुसला,
माझ्याकडे बघितलं नाही.
"मायचं," म्हणाला.

दूर वळणावर घोडा थांबला होता.
धुळीत, बाशिंगासकट,
मान वळवून
मागे बघत होता.